एकाच गोळीचे दोन आकडे

राजदीप मनवर पहिल्यांदा औषध मागायला गेला तेव्हा त्याला काहीच होत नव्हतं, आणि तीच त्याची अडचण ठरली.

दोन हजार नऊ साल होतं. दीपमालाशी लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. त्याआधी चारपाच वर्षं तो कापसाच्या गाठी भरून पांढरकवड्याहून हैदराबादकडे ट्रक न्यायचा. त्या रस्त्यावर, ढाब्यांच्या मागे जे व्हायचं ते झालं होतं. त्याच्याबरोबरचा एक क्लीनर वाळत वाळत मेला तेव्हा राजदीप घाबरला. त्याने यवतमाळला जाऊन रक्त तपासून घेतलं आणि संध्याकाळी दारव्ह्याला घरी येऊन चुलीपाशी बसलेल्या दीपमालाला सांगून टाकलं.

"मले एचआयव्ही निंघाला. तू बी चाल उद्या. तुह्यंबी रक्त पाहू."

तिचं रक्त चांगलं निघालं. ती महिनाभर मुकुटबनला माहेरी जाऊन राहिली. आईला तिने काही सांगितलं नाही. मग स्वतःच परत आली. तिच्या ओळखीतल्या एका बाईला नवरा मेल्यावर कळलं होतं. याने निदान तोंडाने सांगितलं, एवढ्यावर तिने मन बांधलं.

यवतमाळच्या औषध केंद्रातल्या डॉक्टर मॅडम नीट समजावून सांगायच्या. रक्तात सीडी-फोर नावाच्या पेशी असतात, शरीराची राखण करतात, हा विषाणू त्यांनाच खातो. राजदीपचा आकडा चारशे ऐंशी होता.

"चांगला आहे," मॅडम म्हणाल्या. "आत्ता गोळ्यांची गरज नाही. अडीचशेच्या खाली आला की सुरू करू."

"मॅडम, आत्ताच द्या ना. खाली जाऊ कायले द्याचा?"

"नियम तसा आहे. आयुष्यभराच्या गोळ्या असतात, त्यांचाही त्रास असतो. सहा महिन्यांनी या, परत तपासू."

"म्हंजे बिमार पडलो का मंग या, असंच ना?"

मॅडमनी त्याच्या मागे पाहिलं. बाकावर एक बाई नवऱ्याला दोन्ही हातांनी धरून बसली होती. त्याची मान तिच्या खांद्यावर पडली होती, गालाची हाडं वर आली होती. राजदीपनेही वळून पाहिलं. त्याला मागितल्याची लाज वाटली आणि तो उठला.

पुढे दोनदा तो गेला. दोन्ही वेळा आकडा थोडा उतरलेला, पण नियमाच्या वरच. दोन्ही वेळा परत. मग त्याने जाणं सोडलं. ट्रकही सोडला आणि दारव्हा ते यवतमाळ सवारीची जीप चालवायला लागला. अंगाने भरला, मिशी ठेवली. आठवडी बाजाराच्या दिवशी टपावरसुद्धा माणसं बसवून तो घाट चढायचा. "मेरा इंजन एकदम टकाटक," असं तो जीपबद्दल म्हणायचा आणि छाती स्वतःची ठोकायचा.

त्याच्या आईला, इंदूबाईंना, आजाराची कल्पना नव्हती. त्यांना नातवंड हवं होतं. शेजारच्या बाया दीपमालाकडे पाहून नको ते बोलायच्या. खरं म्हणजे दीपमालालाही मूल हवं होतं. तिला लागण होऊ नये म्हणून केंद्रात सांगितलेली काळजी दोघांनी इतकी वर्षं घेतली होती. पण समोर एवढा धडधाकट माणूस, कधी साधी सर्दी नाही. एकदा दोघं बोलले आणि मग त्यांनी ती काळजी सोडून दिली. नेमकं कोणी आधी म्हटलं ते नंतर दोघांनाही सांगता आलं नाही.

दोन हजार चौदाच्या उन्हाळ्यात राजदीपला ताप धरला. खोकला, घामाने भिजलेली चादर, जेवण जाईना. दीपमाला तेव्हा चार महिन्यांची गरोदर होती. यवतमाळला नेलं तर टीबी निघाला. सीडी-फोरचा आकडा अडतीस होता. त्याच दिवशी दीपमालाचं रक्त घेतलं. ते या वेळी चांगलं निघालं नाही. तिचा आकडा मात्र सहाशेच्या वर होता.

"नवीन लागण दिसते," मॅडम म्हणाल्या. त्या पाच वर्षांत त्यांचे केस बरेच पिकले होते. "पण घाबरू नकोस. गरोदर बाईला आता आकडा न बघता लगेच गोळ्या द्यायचा नियम आलाय. बाळ वाचेल."

राजदीप बाकावर भिंतीला टेकून बसला होता, आता त्याची मान दीपमालाच्या खांद्यावर होती. त्याने विचारलं, "अन् माह्या?"

"तुझ्याही सुरू करायच्या. आधी दोन आठवडे टीबीच्या, मग ह्या गोळ्या."

त्या पावसाळ्यात दोघं एकच गोळी घ्यायला लागले. एकसारखी डबी, एकसारखी मोठी पांढरी गोळी, रात्री जेवणानंतर. सुरुवातीला ती घेतली की डोकं गरगरायचं आणि चित्रविचित्र स्वप्नं पडायची. सकाळी चहा पिताना दोघं एकमेकांना ती सांगायचे. राजदीपच्या स्वप्नात जीपला चाकं नसायची, दीपमालाच्या स्वप्नात तिची मेलेली आजी गव्हातले खडे वेचत बसायची. इंदूबाईंना आता सगळं सांगावं लागलं होतं. त्या दोन दिवस कोणाशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी दोघांपुढे पाण्याचे पेले ठेवले आणि म्हणाल्या, "घ्या. टाइम झाला."

मुलगी झाली. तिचं नाव मोनाली ठेवलं. दीड वर्षाची झाल्यावर तिची शेवटची तपासणी झाली आणि तिला काही नाही असं कागदावर आलं. त्या दिवशी राजदीपने सवारी न घेता रिकामी जीप पळवली. दीपमाला पुढे बसली होती, मांडीवर पोरगी. दोन्ही बाजूंना कापूस वेचून झालेली मोकळी शेतं होती आणि ती दोघं विनाकारण हसत होती.

आकड्यांचं मात्र त्याआधीच सुरू झालं होतं.

दर सहा महिन्यांनी दोघांचं रक्त जायचं. दीपमालाचा आकडा सातशे झाला, मग साडेआठशे. राजदीपचा अडतीसचा नव्वद झाला, तेव्हा सगळ्यांना बरं वाटलं. टीबी गेला, वजन भरलं, तो परत जीपवर बसला. पण पुढच्या वेळी आकडा शंभराच्या आसपास, त्याच्या पुढच्या वेळीही तेवढाच. एकदा तर उतरला.

"गोळ्या चुकतात का?" समुपदेशक कोकिळा मॅडमनी विचारलं.

"एक बी नाही," राजदीप म्हणाला.

"खरं सांग."

"मॅडम, आमी दोघं संगच घेतो," दीपमाला म्हणाली. "माह्या डोळ्यापुढं घेते ते."

कोकिळा मॅडमनी डबीतल्या उरलेल्या गोळ्या मोजल्या. बरोबर होत्या.

इंदूबाई मुलाला अंडी खाऊ घालायला लागल्या, शेंगदाण्याचे लाडू, कोणी सांगितलं म्हणून गुळवेलीचा काढा. सुनेच्या ताटात अंडं पडलं तर त्यांची नजर त्यावर जायची. दीपमाला स्वतःहूनच ते अंडं राजदीपच्या ताटात सरकवायची. तिला आपला रिपोर्ट दाखवायची भीती वाटायला लागली. एकदा तो घडी करून तिने ब्लाउजमध्ये ठेवला आणि घरी जाईपर्यंत काढला नाही.

"तुह्या आकडा सांग ना," राजदीप म्हणाला.

"आहे चांगला."

"किती?"

"नऊशेच्या वर."

तो हसला. "पाहा माय, इचा नंबर. शाळेत असते तं पहिली आली असती." आणि बाहेर जाऊन जीपची काच पुसत बसला.

एकदाच तो वाईट बोलला. पोरीला ताप होता, दिवसभर सवारी मिळाली नव्हती, आणि दीपमाला त्याला काढा घ्यायला लावत होती. त्याने पेला भिंतीवर फेकला.

"मले काय पाजून राह्यली? तूच खाऊन बसली माह्या वाट्याचं सगळं!"

दीपमालाने काचा गोळा केल्या. असं काही होत नसतं हे माहीत असूनही तिला रात्री कधी कधी तेच वाटायचं. थोड्या वेळाने तो येऊन तिच्याजवळ बसला. "मीच देल्ला तुले हा रोग," तो म्हणाला, "अन् मीच बोलतो." त्याने तिच्या बोटातली काच हळूच काढली.

दोन हजार सोळाच्या शेवटी मॅडमनी राजदीपचं रक्त बाहेर मोठ्या तपासणीला पाठवलं. औषध बदलायला हवं का, ते कळणार होतं. सगळ्यांनी त्या तपासणीवर आशा ठेवली. निकाल आला तेव्हा मॅडमनी दोघांना आत बोलावून दार लोटून घेतलं.

"रक्तात विषाणू सापडत नाही," त्या म्हणाल्या. "औषध पूर्ण काम करतंय."

राजदीपच्या चेहऱ्यावर उजेड आला. "मंग आकडा?"

"तो वाढत नाहीये."

"मंग दुसरं औषध द्या."

"कशासाठी देऊ? हे औषध विषाणू दाबायचं आहे, आणि तो दबलाय. पेशी वाढवायचं औषध नाही राजदीप. माझ्याकडे नाही आणि मुंबईतही नाही."

दीपमालाने विचारलं, "माह्या तं चढते, मॅडम. गोळी तं एकच आहे."

मॅडमनी कागद उलटा केला आणि त्यावर पेन टेकवून ठेवलं, पण काढलं काहीच नाही. "या पेशी अंगातल्या गाठींमध्ये राहतात, वाढतात. विषाणू फार काळ मोकळा राहिला की त्या गाठीच आतून निबर होतात. मग नंतर विषाणू गेला तरी पेशींना वाढायला जागा नसते. तुझं औषध लवकर सुरू झालं. गाठी शाबूत होत्या. याचं उशिरा झालं."

"मी तं इच्या पाच वर्सं आधी आलतो," राजदीप म्हणाला.

त्याच्या आवाजात राग नव्हता. तो आठवून सांगत होता, एवढंच.

"हो," मॅडम म्हणाल्या.

"याच खुर्चीवर बसलो होतो. मांगतली होती गोळी."

"मला आठवतं."

"तवा देल्ली असती तं?"

"बहुतेक तुझाही तिच्यासारखाच असता. तेव्हा नियम तो होता. त्या नियमाने मी किती जणांना परत पाठवलं ते मला आता सांगवत नाही." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तुला आणखी काही सांगता आलं असतं तर सांगितलं असतं."

बाहेर आल्यावर राजदीप दीपमालाला म्हणाला, "तिचा बी काय गुन्हा? तिच्या हातात काय होतं?" आणि जीप सुरू केली.

मॅडमनी गर्दी टाळायला सांगितलं होतं. खोकणाऱ्या माणसांपासून लांब राहा, असं. जीपमध्ये पुढे चौघं, मागे दहाजण, त्यात कोणी ना कोणी खोकणारच. राजदीप तोंडाला रुमाल बांधायचा. "धुळीचा त्रास होते," असं सवारींना सांगायचा. दुसरं काम बघ म्हणून दीपमाला मागे लागली. तो दोन ठिकाणी विचारूनही आला. पण कापसाची वर्षं वाईट चालली होती. बाजार बसला की दारव्ह्यातली दुकानं बसतात, आणि माणूस कमी करायची वेळ सगळ्यांवर आली होती. जीप तरी हातात होती.

दोन हजार सतराचा पावसाळा संपता संपता जिल्ह्यात फवारणीची विषबाधा सुरू झाली. कापूस त्या वर्षी डोक्याइतका उंच वाढला होता. फवारणारा माणूस आत बुडायचा आणि सगळा फवारा त्याच्याच अंगावर यायचा. राजदीपच्या जीपमधूनही एक मजूर नेला. त्याच्या तोंडाला फेस होता आणि तो सारखा "दिसत नाही, दिसत नाही" म्हणत होता. त्याची बायको त्याचे डोळे पदराने पुसत होती. राजदीपने वाटेत एकही सवारी घेतली नाही. माणूस दवाखान्यात पोचला. पुढे त्याचं काय झालं ते राजदीपला कळलं नाही. त्याने कोणाला विचारलंही नाही.

त्याच सुमारास केंद्रातला नियम पुन्हा बदलला होता. आता ज्याला एचआयव्ही निघेल त्याला आकडा कितीही असो, लगेच गोळ्या. हे कोकिळा मॅडमनीच सांगितलं. सांगताना त्या राजदीपकडे न बघता दीपमालाकडे बघत होत्या.

"चांगलं झालं," राजदीप म्हणाला. "मांगच्याईचं भलं होईल."

मग कोकिळा मॅडमनी त्याला विचारलं, "एक काम करशील? एक पेशंट आहेत. त्यांनी गोळी घ्यायला नकार दिलाय. गोळ्या घेणाऱ्या कोणाशी बोलाल का विचारलं, तर हो म्हणाले. तू बोलशील?"

आतल्या खोलीत जो माणूस बसला होता त्याला बघून राजदीप दारातच थांबला. ते विठ्ठलराव होते. दारव्ह्याजवळच्या एका गावचे, कापूस-तुरीची बरी शेती असलेले. दर बाजाराला राजदीपच्या जीपमध्ये ते पुढच्या सीटवर खिडकीपाशी बसायचे. विठ्ठलरावांनीही त्याला ओळखलं. त्यांच्या हातातली टोपी गोल गोल फिरायला लागली.

"अरे, तू?"

"हो भाऊ. मीच."

"कोनाले सांगजो नको, बाप्पा."

"तुमी माह्यं सांगसान काय? नाही ना. मंग मी कायले सांगू?"

हर्नियाच्या ऑपरेशनआधी रक्त तपासलं आणि त्यात निघालं, असं विठ्ठलरावांनी सांगितलं. आकडा पाचशेच्या वर होता. अंगात ताकद होती, मागच्या आठवड्यात त्यांनी एकट्याने बैलगाडीचं चाक चढवलं होतं.

"मले काही होऊन नाही राह्यलं राजदीप. मंग गोळी कायले घेऊ? अन् घरात डबी दिसली तं बायको इचारन, पोरगा इचारन. आकडा खाली गेला तं घेईन ना. मी कुठं नाही म्हंतो?"

राजदीप त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसला. दीपमाला दाराशी होती. तिने त्याला इतकं सलग बोलताना फार कमी वेळा पाहिलं होतं. त्याने सगळं सांगितलं. आपण याच इमारतीत येऊन गोळी मागितली होती, आपल्याला परत पाठवलं, मग आपण स्वतःच येणं सोडलं. मग अडतीस. मग इतकी वर्षं रोज गोळी घेऊनही शंभराच्या वर न जाणारा आकडा. त्याने दीपमालाकडे बोट दाखवलं. "हे माही बायको. हिची बी तेच गोळी. हिचे नऊशे हायेत. हिले लवकर भेटली, मले नाही. फरक तेवढाच हाये भाऊ."

विठ्ठलराव ऐकत होते. मग ते म्हणाले, "यंदा औषध म्हटलं का मले धडकी भरते. दुकानदारानं सांगतलं हे औषध मार, अळी मरन. मारलं. माह्या गडी तीन दिवस दवाखान्यात होता. अन् गुलाबी अळी तशीच. बोंड वरून हिरवंगार, फोडलं तं आत काहीच नाही."

"तेच तं सांगून राह्यलो. वरून हिरवंच दिसते. मी बी दिसत होतो."

"पर औषधानं काय झालं तिथं? मानसंच गेले ना?"

राजदीपने त्या फेस आलेल्या मजुराला स्वतःच्या हातांनी जीपमधून उतरवलं होतं. ते औषध वेगळं, हे औषध वेगळं, असं तो म्हणाला, पण त्याचं त्यालाच ते लंगडं वाटलं. शब्द एकच होता.

शेवटी त्याने विठ्ठलरावांचे हात धरले. "मी मांगतली तं भेटली नाही. तुमाले आनून देऊन राह्यले. घ्या ना भाऊ."

विठ्ठलराव उठले. "इचार करतो," म्हणाले. कोकिळा मॅडमनी दिलेली डबी त्यांनी घेतली आणि पिशवीत तळाशी घातली. त्यावर भाजी ठेवली.

पुढचे दोनतीन बाजार ते जीपमध्ये आले. पुढच्याच सीटवर बसले. भोवती इतकी माणसं असताना राजदीप काय विचारणार? तो फक्त एकदा त्यांच्याकडे बघायचा आणि विठ्ठलराव खिडकीबाहेर. चौथ्या बाजाराला ते एसटीच्या थांब्यावर उभे दिसले. राजदीपने हॉर्न वाजवला. त्यांनी हात हलवून "जा, जा" केलं.

"नाही घेऊन राह्यले थे," तो घरी येऊन दीपमालाला म्हणाला. "मले ठाऊक हाये. घेत असते तं माह्या गाडीत बसले असते."

"तुमी काय करसान त्याले? तुमी सांगतलं ना?"

"सांगून काय होते व?" तो म्हणाला. "जबडा उघडून टाकता येते काय?"

त्याला ते लागून राहिलं. त्याने कोकिळा मॅडमना दोनदा फोन केला. त्या म्हणाल्या, आम्हीही फोन करतो, ते उचलत नाहीत.

जानेवारीत राजदीपचं डोकं दुखायला लागलं. आधी त्याला वाटलं दुपारचं ऊन लागलं. मग रात्रीच्या थंडीतही दुखायचं, झोपल्यावर जास्त. उलट्या व्हायला लागल्या. एके दिवशी जीप चालवत असताना समोरून येणारी एक मोटरसायकल त्याला दोन दिसली. त्याने जीप बाजूला घेतली, सवारींना उतरवलं, त्यांचे पैसे परत केले आणि स्टिअरिंगवर डोकं ठेवून बसून राहिला. कोणीतरी दीपमालाला बोलवायला धावलं.

मेंदूच्या आवरणात बुरशी शिरली होती. चांगल्या पेशी असलेल्या माणसाला तिचा त्रास होत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. ती हवेत, मातीत, पारव्यांच्या विष्ठेत, सगळीकडे असते. आपण सगळेच तिला श्वासातून घेतो. दीपमाला ते ऐकत उभी होती. म्हणजे तिनेही घेतली असणार. त्याच घरात, त्याच हवेत. तिचं काही बिघडलं नव्हतं.

डोक्यातला दाब कमी करायला पाठीतून सुई घालून पाणी काढायचे. राजदीपला कुशीवर वळवून गुडघे पोटाशी आणायचे आणि दीपमालाने त्याला तसं घट्ट धरून ठेवायचं. तो ओरडायचा नाही. तिच्या मनगटाला त्याची बोटं रुतायची. पाणी काढल्यावर तासाभराने दुखणं उतरायचं आणि तो म्हणायचा, "आता मस्त वाटते." दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. सलाइनमधून जे औषध जायचं त्याने त्याला हुडहुडी भरायची. अंगावर तीन चादरी टाकल्या तरी पलंग हलायचा.

इंदूबाई मोनालीला घेऊन घरी होत्या. दीपमाला वॉर्डात पलंगाखाली चटई टाकून झोपायची. रोज जेवणानंतर ती त्याची गोळी त्याला द्यायची आणि आपली आपण घ्यायची. आपली गिळताना ती पाठ करायला लागली होती. ते त्याच्या लक्षात आलं.

"इकडं तोंड करून घे," तो म्हणाला. "मले काही नाही वाटत."

डॉक्टर मॅडम दुसऱ्या इमारतीतून त्याला बघायला आल्या. त्यांनी त्याची फाइल वाचली, डोळ्यांत बॅटरी मारून बघितली. मग पलंगाच्या कडेला बसून राहिल्या. जाताना त्यांनी दीपमालाच्या पाठीवर हात ठेवला आणि तो बराच वेळ काढला नाही.

राजदीप वाचला. फेब्रुवारी संपताना घरी आला. पण डोळ्यांच्या शिरा दाबल्या गेल्या होत्या. उजव्या डोळ्याने उजेड-अंधार कळायचा, डाव्याने तेही नाही. नजर परत येईल का, असं दीपमालाने विचारलं. सहसा नाही, असं उत्तर मिळालं. जीप दुसऱ्याला चालवायला दिली. तिचा हॉर्न गल्लीतून गेला की राजदीप ओळखायचा आणि नवीन ड्रायव्हर गिअर कसा खराब करतोय ते मोनालीला सांगायचा. पोरगी साडेतीन वर्षांची होती. ती त्याला हाताला धरून अंगणातल्या खाटेपर्यंत न्यायची आणि "बस, बाबा, बस," असं म्हणायची.

राजदीपचा आकडा एकसष्ट होता. दीपमालाला त्याच दिवशी सांगितलं, तुझा इतका चांगला आहे की आता सारखा तपासायची गरज नाही.

मार्चमध्ये एका दुपारी विठ्ठलराव घरी आले. पायातली चप्पल काढून दाराशी उभे राहिले. दीपमालाने त्यांना ओळखलं, आत घेतलं, पाणी दिलं. ते खाटेवर राजदीपच्या शेजारी बसले. त्याच्या डोळ्यांपुढे त्यांनी नकळत हात हलवून पाहिला आणि मग चटकन खाली घेतला.

"कोन हाये?" राजदीपने विचारलं.

"मी. विठ्ठल."

राजदीपने अंदाजाने त्यांचा गुडघा चाचपला. "भाऊ! बसा, बसा. आयकलं तुमी?"

"बाजारात समजलं. जीपवर दुसरा मानूस दिसला, तं इचारलं." विठ्ठलराव पाणी प्यायले. "काय हे, राजदीप? गोळ्या तं घेत होता ना तू?"

"घेत होतो. सांगतलं होतं तुमाले."

मोनाली पाहुण्यांची टोपी घेऊन पळाली, इंदूबाईंनी ती परत आणून दिली. मग राजदीपने आवाज खाली आणून विचारलं, "तुमी घेता?"

"घेतो," विठ्ठलराव म्हणाले.

"खरं सांगा."

"घेतो म्हंतो ना. गोठ्यात ठेवली हाये डबी, सरकीच्या ढेपीच्या पोत्यामांगं. जनावराईले पाणी दाखवतो अन् घेतो."

"रोज?"

"रोज."

"पह्यली डबी तं केवाच सरली असन. दुसरी आनली?"

"आनली. आनतो. जाच हाये यवतमाळले."

राजदीपने मान हलवली. विठ्ठलराव आणखी थोडे बसले. कापसाचं बोलले, तूर बरी झाली म्हणाले. उठताना त्यांनी मोनालीच्या हातात बिस्किटाचा पुडा ठेवला. जाताना दाराशी ते थांबले, वळून राजदीपकडे बघितलं, आणि चप्पल घालून भरभर निघून गेले.

त्यांच्या चपलांचा आवाज गल्लीच्या टोकाला जाईपर्यंत राजदीप कान देऊन बसला होता.

"दीपा," तो म्हणाला, "तुले त्याहीचं तोंड दिसत होतं. खरं बोलले काय थे?"

दीपमाला रिकामा पेला हातात घेऊन उभी होती. तिने पूर्ण वेळ त्यांच्या तोंडाकडेच पाहिलं होतं. उन्हाने रापलेला, तब्येतीने भरलेला चेहरा. डोळे एकदाच खाली गेले होते, पण ते राजदीपकडे बघवत नव्हतं म्हणूनही असेल.

"मले नाही समजलं," ती म्हणाली.

"नीट पाह्यलं ना पण?"

"पाह्यलं."

त्याने खाटेवर हात फिरवून तिची जागा शोधली, आणि ती येऊन बसेपर्यंत तो हात तिथेच ठेवला.